करमत नाही म्हटलं की मला बोलावतात

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. मला शेपूट नाही, चाक नाही, बिजागरीही नाही. माझं नाव करमणूक. एका जागी बसणं मला मुळात जमत नाही. ह्या ओठावरून त्या ओठावर अशी माझी सारखी पायपीट चाललेली असते.

माझी आई 'करमणे'. लोकांना छान करमत असतं तेव्हा तिची कुणाला आठवण होत नाही. करमेनासं झालं की मात्र सगळ्यांच्या तोंडी तीच. नवीन सासरी आलेली मुलगी म्हणते, मला इथे करमत नाही. म्हातारा म्हणतो, ही गेल्यापासून करमत नाही. अशा वेळी धावून जायचं आणि त्या माणसाचं मन रमवायचं, एवढ्यासाठी आईने मला जन्माला घातलं. माझा चुलतभाऊ विरंगुळा दमल्याभागल्यांकडे जातो. दुसरा भाऊ मनोरंजन. तो संस्कृतात शिकला, त्यामुळे इस्त्रीचं उपरणं घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

पुढे मला छापखान्याने गाठलं. हस्तपत्रकांवर, वर्तमानपत्रांत मी ठळक अक्षरांत बसू लागले. सरकारने माझ्या नावाने करसुद्धा बसवला, तेव्हा मनोरंजनाचा किती जळफळाट झाला म्हणता! पण ह्याच दिवसांत लोक मला भलतीकडेही वापरू लागले. कुणाची फजिती झाली की हसत म्हणायचे, "बरी करमणूक झाली." ते मला कधीच आवडलं नाही. पण शब्दाला विचारतो कोण?

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. ठाण्याला, नौपाड्यात, काही नोकरदार मंडळींनी एक करमणूक मंडळ काढलं. निळ्या फळीवर पांढऱ्या रंगात मला रंगवलं. मंडळाचे चिटणीस होते गुरुदत्त. मुंबईला कचेरीत जाणारे, स्वभावाने अगदी सरळ. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्यांची बायको वासंती मिरजेच्या भरल्या घरातून दोन खोल्यांत आली होती. ते सकाळी गेले की दिवेलागणीपर्यंत तिच्याशी बोलायला भिंती.

एकदा चहाचा कप पुढे ठेवत ती म्हणाली, "अहो, मला इथे करमत नाही."

झालं, गुरुदत्तांनी मला हाक मारली. आधी मासिकं आणली, मग कॅरम, मग सिनेमाची तिकिटं. शेवटी मित्राचा रेडिओ उसना आणला. मी प्रत्येक वेळी धावत गेले आणि प्रत्येक वेळी दारातच अडले. वासंती मासिक उघडायची आणि तेच पान धरून खिडकीबाहेर बघत बसायची. मला तिच्याजवळ बसवेना आणि तिथून निघवेना. अखेर तिने पत्र्याची ट्रंक भरली. मंडळाचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या रात्रीच्या गाडीने तिला मिरजेला पोहोचवायचं ठरलं. परत कधी येणार, हे ती सांगेना आणि विचारायचा त्यांना धीर होईना.

त्या कार्यक्रमासाठी गुरुदत्तांनी कोपरीच्या आवडाबाईंना बोलावलं होतं. रुळांच्या पलीकडे, मिठागरांच्या बाजूला त्यांचं घर. मीठ विकायला त्या नौपाड्यात येत, आणि गावात लग्न असलं की धवले गात. धवले म्हणजे लग्नविधींबरोबर बायका म्हणतात ती गाणी. कोपरीवरून जाताना गुरुदत्तांनी ती ऐकली होती. वासंतीला आवडतील असं त्यांना मनापासून वाटलं, आणि पत्रकावर त्यांनी आवडाबाईंचं नाव माझ्याखाली छापलं.

आवडाबाई नवं लुगडं नेसून आल्या. स्टेजवर उभ्या राहिल्या. समोर ओळीने खुर्च्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"नवरी कनची?" त्यांनी विचारलं.

"नवरी नाही हो. तुम्ही नुसतं गा," गुरुदत्त म्हणाले.

"तिचा नाव घेतल्याबिगर धवला उठत नाय, दादा. माय-बापाचा घर सोड म्हनून खुर्च्यांना कसा सांगू?"

त्यांना गायचं नव्हतं असं नाही. त्यांनी दोनदा घसा साफ केला, पण शब्दच येईनात. लोक चुळबुळू लागले. मागच्या रांगेतून मधु नावाचे सभासद म्हणाले, "चला, करमणूक तर झाली." सगळे हसले. आवडाबाई पदराने तोंड पुसत खाली उतरल्या. मला त्या फळीवरून उडी मारून पळून जावंसं वाटलं.

वासंती उठली आणि त्यांच्या मागोमाग बाहेर गेली.

"आवडाबाई, खरं लग्न कधी आहे तुमच्याकडे?"

"उद्या माज्या लेकीची, जयाची हलद. येशील?"

"मी येऊन काय करू तिथे?"

"हात हायेत ना गो? तांदूल निवड."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळीच, वासंती पूल ओलांडून कोपरीला गेली. तिच्या मनाला चिकटून मीही गेले. बायकांनी सरकून तिला जागा दिली, सूप हातात दिलं. आवडाबाईंनी जयाचं नाव घेऊन धवला उचलला, आणि काल अडलेला तो आवाज असा निघाला की माझाही पाय पहिल्यांदा एका जागी ठरला. पोरी, आता हे अंगण सोडायचं, असं काहीसं त्यात होतं. वासंती हुंदके देऊन रडू लागली. रडू नको असं तिला कुणी म्हणालं नाही; शेजारची बाईही रडत होती आणि तांदूळ निवडत होती. मग कुणीतरी वासंतीच्या गालाला हळद फासली आणि सगळ्या हसल्या. त्या अंगणात दिवसभर माझं नाव कुणी घेतलं नाही.

दिवेलागणीला गुरुदत्त न्यायला आले. दारातूनच म्हणाले, "झाली का करमणूक? निघू या, मिरजेची गाडी चुकेल."

सूप मांडीवर घेऊन ती म्हणाली, "अहो, अजून पायलीभर तांदूळ राहिलाय. गाडी जाऊ दे. तुम्ही चपला काढा आणि जेवून घ्या."

मित्रांनो, मला जपून वापरा. कुणाच्या फजितीला माझं नाव देऊ नका. आणि कुणी करमत नाही म्हणालं तर लगेच मला हाका मारू नका. आधी सरकून त्याला जागा द्या, हातात काहीतरी काम द्या. मग मला नाही बोलावलंत तरी मी रागावणार नाही.