सर्व्हरवरची तिसरी बाई

टेंभुर्णीत बद्रीनाथचा कॉम्प्युटर क्लास होता. २००८ साली तिथं ब्रॉडबँड आलं, तेव्हा त्यानं एक कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून लावला आणि दोन गावांतल्या माणसांना एकाच वेळी सोबत गाता यावं, असा फुकटातला प्रोग्रॅम त्यावर टाकला. कारण घरचंच होतं. त्याची चुलतबहीण सत्यशीला हिचं लग्न ठरलं होतं, आणि तिची मावशी आसराबाई पाय मोडून पुण्यात मुलाकडं पडून होती. सत्यशीलाची आई गोपिकाबाई सांगून मोकळी झाली होती, की आसरा नसेल तर हळदीची गाणी मीही म्हणणार नाही.

सरावासाठी गोपिकाबाई क्लासात येऊन माइकसमोर बसली. पुण्यात आसराबाईचा मुलगा शिवाजी यानं तिकडची जोडणी केली. गाणं सुरू झालं आणि दोन ओळींतच रेंगाळायला लागलं. आवाज पलीकडं उशिरा पोचायचा, म्हणून ही तिच्यासाठी थांबायची, ती हिच्यासाठी. मध्येच गोपिकाबाई गप्प झाली.

"बद्री, ही तिसरी कोण गाऊन राह्यली?"

बद्रीनाथनं स्क्रीन पाहिली. सर्व्हरवर नावं दोनच होती. कोणी परकं घुसलं असेल म्हणून त्यानं पासवर्ड बदलला, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. या वेळी त्यालाही ऐकू आलं. बाईचाच आवाज, बारीक, लांबून येणारा, तीच ओळ मागून म्हणणारा. शिवाजी म्हणाला, घरात आईशिवाय दुसरी बाई नाही, पण आईलाही कोणीतरी ऐकू येतंय.

मग आसराबाईच बोलली. "गोपाक्का, दुर्गाक्का हाय गं ही."

दुर्गाबाई त्यांची थोरली बहीण. पूर्वी तिघी मिळून गायच्या. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोपिकाबाईनं, वडीलधारं कोणी आत आल्यासारखा, पदर डोक्यावर घेतला.

बद्रीनाथनं सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. काही उमगेना. तेवढ्यात गोपिकाबाईला ठसका लागला, आणि जरा वेळानं तोच ठसका पुण्याहून परत आला. तेव्हा त्याला कळलं. हिचा आवाज तिकडच्या स्पीकरमधून तिकडच्याच माइकात शिरून परत येत होता, आणि तिचा इकडून. आता हे सांगावं की राहू द्यावं, त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं सांगितलं, आणि दोघींना कानाला हेडफोन लावायला लावले. तिसरा आवाज बंद झाला.

गोपिकाबाई बराच वेळ कान देऊन बसली. मग म्हणाली, "आवाज माहाच व्हता म्हणतोस. मंग आम्हा दोघींलाबी ती दुर्गाक्काच का वाटली?"

गाणं रेंगाळू नये म्हणून एकेकीनं एकेक ओळ म्हणावी, एवढंच त्यानं सुचवलं.

हळदीच्या दिवशी क्लासातून मांडवापर्यंत लांब वायर ओढली, सर्व्हर जवळच टेबलावर मांडला. गोपिकाबाईनं पहिली ओळ म्हटली, आसराबाईनं पुण्याहून दुसरी. मग दोघीही थांबल्या. लाइन तुटली असं वाटून बद्रीनाथ सर्व्हरकडं धावला, तर सगळं चालू होतं. थोडं थांबून गोपिकाबाईनं पुढची ओळ उचलली. प्रत्येक फेरीला तसंच व्हायला लागलं. बद्रीनाथ माउस धरून घामाघूम झाला. कुठं बिघडलंय, ते त्याला सापडेना.

शेवटी पाटावरच्या सत्यशीलानं त्याला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, "दादा, बिघडलं काही न्हाई. तिसरी ओळ दुर्गामावशीची ऱ्हायची. तिच्यासाठी जागा सोडून राह्यल्यात दोघी."

बायकांनी तिची मान पुन्हा सरळ केली आणि गालाला हळद लावली. पुण्याहून आसराबाई विचारत होती, नवरी रडली की अजून न्हाई.