पाण्याचं तेल

बाळापुरात मन नदीच्या काठावर अशी झुंबड पूर्वी कोणी पाहिली नव्हती. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या बाटली, कोणाकडे नुसता गडवा. साल पासष्ट. लढाई नुकतीच थांबलेली. घासलेट रेशनवर, आणि तेही मिळेल तेव्हा. अशा दिवसांत एक बाबा काठावर राहुटी ठोकून बसला होता आणि पाण्याचं तेल करून दाखवत होता.

"देश तेलासाठी जहाजाची वाट पाहून राहिला," बाबा गरजला, "अन् देवीमायनं तेल ठेवलं तुमच्या नदीत! दुधाले विरजण लागते का नाई? तसं पाण्याले तेलाचं विरजण लागते! आना आपापलं विरजण!"

विरजण म्हणून प्रत्येकाचं थोडं थोडं घासलेट राहुटीत घेतलं गेलं. मग गर्दीतल्याच एकाने नदीचं पाणी गडव्यात भरून आणलं. बाबाने ते मडक्यात ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. मडक्याच्या गळ्याशी तोटी होती. तिच्यातून घासलेटची धार लागली. वास खरा, तेल खरं. बायांनी हात जोडले. पुढे बसलेले नत्थुजी पाटील तर बाबाच्या पायावरच पडले.

मागे उभा असलेला देवमन मास्तर त्या तोटीकडे पाहत राहिला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. तेल परदेशातून येतं, ते जपून वापरा, हे सांगायला त्याचे विद्यार्थी महिनाभर घरोघर फिरत होते. आता लोक पोरांना दारातूनच परत पाठवत होते. "बचत कायची करता? बाबा आहे ना!"

दोन दिवस शाळेत खटपट करून देवमनने तसंच मडकं तयार केलं. आत तोंडापासून बुडापर्यंत पत्र्याची नळी बसवली आणि मडकं तेलाने भरलं. नळीतून पाणी ओतलं की ते जड म्हणून बुडाशी जाई, तेल वर उचललं जाई आणि तोटीतून बाहेर पडे. लोकांचंच तेल लोकांना दाखवलं जात होतं.

मडकं पाहून हेडमास्तर घाबरले. "नत्थुजी शाळेच्या कमिटीवर आहेत. सोमवारी बचतीची सभा आहे, तेव्हा बघू." देवमनच्या नोकरीला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. बौद्धवाड्यातला पहिला मास्तर. तो गप्प बसला.

रविवारी बाबाने गावभरचं तेल मागवलं. सातपट करून देतो म्हणाला. सकाळी देवमनची बहीण इंदूबाई डबा घेऊन निघाली, तेव्हा त्याने तिला अडवलं.

"इंदे, लबाडी आहे ते."

"दादा, आपण देव सोडले, मले समजते. पण अंधार कुठी सुटला? लेकरं कायच्या उजेडात वाचतीन?"

"उद्या सभेत दाखवतो सगळं."

"उद्याचं उद्या पाहू," म्हणत ती गेली.

दुपारी राहुटीतून डबे परत आले. काठोकाठ भरलेले, झाकणाला लाल दोरा. "नऊ दिवस उघडू नका," बाबा म्हणाला आणि एका डब्यातलं वरचं चमचाभर तेल परातीत ओतून त्याने जवळ काडी नेली. काडी टेकण्याआधीच भडका उडाला. लोकांनी जयजयकार केला.

गर्दीमागून हे पाहिलेला देवमन संध्याकाळी घरी परतताना सायकलवरच थबकला. घासलेट काडीने असं पेटत नाही, त्याला वात लागते. वाफेवर भडकतं ते पेट्रोल. त्याने सायकल बहिणीच्या घराकडे वळवली.

दिवेलागण झाली होती. गल्लीच्या तोंडाशीच किंकाळी ऐकू आली. इंदूबाईने डब्यातलं वरचं तेल चिमणीत ओतून काडी लावली होती. तिचा नवरा श्रावण गोधडीने तिचं पेटलेलं लुगडं विझवत होता.

अकोल्याच्या दवाखान्यात ती तीन दिवस जगली.

"नऊ दिवस थांबली नाई," बाबाने गावाला सांगितलं. "मायचा कोप झाला." तिला माती देऊन परतताना श्रावणने हळूच विचारलं, "दादा, खरंच कोप असन का गा?"

दुसऱ्या दिवशी देवमन आपलं मडकं आणि काचेची बरणी घेऊन नदीवर गेला. त्याचा अख्खा वर्ग मागे होता.

"सुतकाचा माणूस इथं काहून?" बाबा ओरडला. नत्थुजी उठले. "मास्तर, मायच्या मडक्याले हात लावशीन तं याद राख!"

"नाई लावत. माझं मडकं आणलं आहे."

त्याने आपल्या मडक्यात नदीचं पाणी ओतलं. तोटीतून तेल आलं. "माझ्या अंगात कोणती माय आली, सांगा. आता कोणीतरी आपला डबा द्या."

कोणी हलेना. शेवटी नत्थुजींची म्हातारी आई, गोदाबाई, पुढे आली आणि आपला डबा तिने स्वतः बरणीत ओतला. वर बोटभर पेट्रोल तरंगत होतं. खाली सगळं पाणी.

म्हातारीने एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. मग बाबाचं मडकं उचलून तिने दगडावर आपटलं. खापऱ्यांत पत्र्याची नळी निघाली. बाबा पळाला, पण पोरांनी त्याला बाजाराच्या रस्त्यावर गाठलं. गावचं घासलेट एका ट्रकवाल्याच्या हाती काळ्या बाजारात गेलं होतं. ट्रकवाल्यानेच त्याला पेट्रोल पुरवलं होतं. पोलीस दोघांनाही घेऊन गेले.

पुढच्या सोमवारी बचतीची राहिलेली सभा झाली. देवमन बोलायला उभा राहिला.

"पाण्याचं तेल होत नाही. कोणाच्याही मंत्रानं होत नाही. देशाजवळ आहे तेवढं जपून वापरा. दोन घरची लेकरं एका चिमणीशी बसवा, एक चिमणी वाचते. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी मडकं आतून पाहा." समोर श्रावण मांडीवर धाकट्या लेकीला घेऊन बसला होता. "आन् आणखी एक. ती नळी मले इंदू गेली त्याच्या आधीच समजली होती. नोकरीच्या भेवानं मी चूप बसलो. समजलेला माणूस चूप बसला, म्हणून माझी बहीण जळाली. तुमी चूप बसू नका."