जूनमधले तीन राजे

पावसाचा तिसरा दिवस उजाडला आणि यिक्केचे हात शिवशिवायला लागले.

यिक्के आणि तिचा नवरा हार्मन हॉलंडच्या उत्तरेकडचे, फ्रीसलँडचे. चाळीस वर्षं त्यांनी गाई सांभाळल्या. आता गोठा मुलाच्या हवाली करून दोघं आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर बघायला ऑस्ट्रियात, टिरोलला आले होते. बुर्गी आणि विन्सेन्झ या शेतकरी जोडप्याच्या घरी वरची खोली त्यांनी घेतली होती.

"डोंगर नेमके कुठल्या बाजूला आहेत?" खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत हार्मन म्हणाला.

यिक्केचं मात्र डोंगरांवाचून काही अडलं नव्हतं. त्यांच्या गावातलं चर्च म्हणजे चुना दिलेल्या चार पांढऱ्या भिंती. ना चित्र, ना मूर्ती. तिथे देव भेटायचा तो रविवारी, पुस्तकात. इथे तो येताजाता भेटत होता. बसचा ड्रायव्हर देवाचं नाव घेऊन नमस्कार करायचा आणि मग सुटे पैसे मागायचा. कुरणाच्या कडेला लाकडी क्रूस होता, आणि येशूला पाऊस लागू नये म्हणून त्यावर इवलंसं छप्पर. बुर्गी तर नवा पाव कापण्याआधी सुरीच्या टोकाने त्याच्यावर क्रूस काढायची, तोही बोलता बोलता, कुणी कपाळावरची बट मागे सारावी तसा.

"आपल्याकडे कुणी असं केलं तर पास्टर घरी येतील समज द्यायला," हार्मन म्हणाला होता.

"येऊ देत की. पाव खाऊन जातील."

तर तिसऱ्या दिवशी यिक्केने बादली आणि फडकं शोधून काढलं. बुर्गी गोठ्यात होती, तिला विचारायचं तरी काय? यिक्केने खिडक्यांच्या चौकटी पुसल्या, बाक पुसला आणि शेवटी स्टूल ठेवून पुढच्या दाराकडे वळली. दारावरच्या तुळईवर खडूने काही आकडे आणि अक्षरं लिहिलेली होती, निम्मी विटलेली. सुताराने मापाच्या खुणा करून तशाच सोडल्यात, असं म्हणत तिने त्या साबण लावून खसाखसा घासल्या.

खाली उतरते तो काठी टेकत विन्सेन्झची आई आली. वय अठ्ठ्याऐंशी, पण नजर घारीची.

"अक्षरं कुठे गेली?"

"कुठली? ती सुताराची?"

आजींनी एवढ्या मोठ्याने हाक मारली की बुर्गी आणि विन्सेन्झ दोघेही धावत आले. बुर्गीने तुळईकडे पाहिलं, मग फडक्याकडे, आणि पायरीवर बसून पोट धरून हसत सुटली.

"अहो, ते तीन राजांनी लिहिलेलं असतं! बाळ येशूच्या दर्शनाला गेले ते राजे. त्यांचं सोंग घेऊन गावातली मुलं जानेवारीत येतात, गातात, धूप फिरवतात आणि दारावर लिहून जातात. ख्रिस्त या घराचं भलं करो, असं. वर्षभर राहतं ते."

यिक्केने फडकं पाठीमागे लपवलं. "अगं बाई! मी आशीर्वाद पुसला?"

"साबण लावून," आजी म्हणाल्या.

"मी लगेच परत लिहिते."

"तुम्ही? ती काय वाण्याची यादी आहे? आधी राजे यायला हवेत."

"आई, जून चालू आहे," विन्सेन्झ म्हणाला.

"मग जानेवारीपर्यंत घर असंच ठेवायचं?"

बुर्गी डोळे पुसत उठली. "असं नको. राजे आजच आणू."

अर्ध्या तासात राजे तयार झाले. बुर्गीने टेबलाचा लाल कपडा पांघरला, विन्सेन्झने घोंगडी. बिस्किटं कापायचा चांदणीचा साचा दाताळ्याच्या टोकाला बांधला, तोच राजांना वाट दाखवणारा बेथलेहेमचा तारा. तिसरा राजा, हार्मन, मात्र जिन्यात अडून बसला होता.

"मी? चर्चच्या बाबतीत आपण सोंगं काढत नाही, यिक्के."

"मुकाट्याने हा पडदा अंगाला गुंडाळ."

अंगणात पाऊस भुरभुरत होता. पत्र्याच्या डब्यात निखाऱ्यांवर धूप जळत होता. आजी दारात खुर्ची टाकून बसल्या. विन्सेन्झने राजांचं गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीलाच अडखळला. बुर्गीला तिसरी येत होती, पण दुसरी नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

तेव्हा हार्मन, पुठ्ठ्याचा मुकुट कपाळावर घसरलेला, खालच्या पट्टीत गायला लागला. त्याला पाठ होतं ते एकच, लहानपणापासून आपल्या भाषेत म्हटलेलं बायबलमधलं शंभरावं स्तोत्र. एकेक सूर लांबवत, सावकाश. यिक्केने ओलं फडकं हातात तसंच धरून आवाज मिळवला. गावच्या चर्चमध्ये आता रविवारी जेमतेम चौदा माणसं उरली होती, त्यात गाणारी किती? आणि इथे परक्या अंगणात, धुराच्या वासात, गोठ्यातून सहा गाई माना बाहेर काढून ऐकत होत्या. तिने आवाज चढवून कडवं पुरं केलं.

"शब्द कळला नाही एक," आजी म्हणाल्या. "चिखलात रुतलेली गाडी ओढताय असं वाटलं." मग काठी आपटून म्हणाल्या, "पुढचं कडवं म्हणा."

चार कडवी झाल्यावर आजींनी एप्रनच्या खिशातून चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या खडूचा तुकडा काढला. विन्सेन्झने हात पुढे केला. आजींनी खडू यिक्केला दिला.

"पुसलं हिने, लिहील ही."

यिक्के स्टुलावर चढली. बुर्गी खालून सांगत गेली आणि ती लिहीत गेली: वर्षाचे आकडे, तीन अक्षरं, मधे छोटे क्रूस. शेवटचं अक्षर मोठं झालं आणि तुळईच्या कडेकडे कललं.

"सरळ करून देऊ?" विन्सेन्झने विचारलं.

"हात लावू नकोस," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धुकं निवळलं आणि डोंगर एकदम दारातच येऊन उभे राहिल्यासारखे दिसले. यिक्के आणि हार्मन बाकावर बसून बूट चढवत होते, तेवढ्यात पोस्टमनबाई आली. पत्रं देता देता तिची नजर वर गेली.

"हे काय गं बुर्गी? खडू ताजा दिसतोय. राजे आत्ता आले?"

"लांबचे होते ना," बुर्गी म्हणाली, "उशीर झाला."

हार्मनने बुटाच्या नाडीवरून मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झाले होते.