उजवं पान

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. दुकानातल्या गठ्ठ्यातून माझ्या सख्ख्या बहिणी कुणी भूमितीला नेल्या, कुणी इतिहासाला. मला नेलं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका बाईने. तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून मैत्रिणी तिला टाचणीच म्हणतात.

दर गुरुवारी दुपारी शिलाई मशीन झाकून ती मला घेऊन अभ्यासवर्गाला जाते. निवृत्त शिक्षिकेच्या घरी सहा बायका मिळून शास्त्रग्रंथ वाचतात. आठवड्याला एकच श्लोक. बाईंचा नियम असा, की डाव्या पानावर श्लोक आणि अर्थ लिहायचा. उजव्या पानावर, आठवडाभरात तो कुठे आचरणात आणला ते.

सुरुवातीला माझी दोन्ही पानं भरत होती. ‘गिऱ्हाइकाने तीनदा माप बदललं, तरी चिडले नाही,’ असं काहीबाही. मग रागाचा श्लोक आला. राग माणसाला कसा आंधळा करतो, ते टाचणीने सुरेख अक्षरात लिहिलं, पेन उजव्या पानावर टेकवलं आणि तसंच उचललं. तिथून पुढे नुसती डावी पानं भरू लागली.

"डाव्या पानाला पैकीच्या पैकी," बाई म्हणाल्या. "आणि उजवं?"

"घाईत राहिलं हो."

"बारा आठवडे घाई?"

घरी लेकीने तर बोटच ठेवलं. "आई, मावशीचा विषय निघाला की तुझ्या वहीला सुट्टी लागते."

तेव्हा मला उलगडा झाला. सहा वर्षांपूर्वी टाचणीची आई गेली. धाकटी बहीण दोन दिवस उशिरा पोचली. टाचणीने दारातच विचारलं, "आता कशाला आलीस?" बहीण उंबऱ्यावरूनच परत फिरली. तेव्हापासून दोघींत एक शब्द नाही.

मला वाटायचं, एकदा तरी हिने ते कोरं पान उघडावं. चार वाकड्या ओळी चालतील, शाई सांडली तरी चालेल. कोरेपणाचं ओझं काय असतं, ते वहीलाच ठाऊक.

गेल्या गुरुवारी वर्गातून आली ती चप्पलही न काढता मशीनपाशी बसली. रागाच्या श्लोकापर्यंत मागे गेली. लिहू लागली, ‘ती आली तेव्हा मी तिला साधं पाणीही विचारलं नाही.’ थांबली. ‘ती’ खोडून ‘तू’ केलं. मग पेन थांबेचना. पान भरल्यावर तिने कात्री घेतली.

लेक ओरडली, "अगं, मागे पुढच्या श्लोकाचा अर्थ आहे! तोही जाईल."

"जाऊ दे. नुसता लिहून काय झालं होतं?"

कापताना दुखलं. खोटं कशाला बोलू? पण तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या शिवणीवर पडलं तेव्हा माझंच मन भरून आलं. लेकीने तेवढ्यात ते पान पाकिटात घालून मावशीच्या पत्त्यावर टपालात टाकलंसुद्धा, आई पुन्हा मागे फिरेल या धास्तीने.

आज पाच दिवस झाले. उत्तर नाही. बाहेर पाऊल वाजलं की टाचणी मशीनवरचा पाय उचलते आणि कान देते. मीही देते. माझं एक पान कुठल्याशा घरी गेलंय. त्या बहिणीने पाकीट फोडलं असेल का? वाचता वाचता खाली बसली असेल का?

तुमच्याकडे असं एखादं पान पोचलं, तर एवढंच करा. उत्तर नाही सुचलं तरी चालेल, पण या. उशीर झाला असला तरी या.