उपाशी पेशी

प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान म्हणून धाकटी म्हटल्या जाणाऱ्या मुलीने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी तिने दोन बशांत वाढवल्या होत्या आणि दोन्ही थरांवर मधोमध एकेक ओरखडा काढला होता. एका बशीत ‘हला, सरका’ असा निरोप देणारं प्रथिन घातलं होतं, दुसरी कोरीच ठेवली होती. निरोप मिळालेल्या पेशी ओरखडा भरून काढतील आणि बाकीच्या गप्प बसतील, असा तिचा दावा. पण इथे दोन्ही ओरखडे बुजले होते.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी आधीच बजावलं होतं, ‘‘या खेपेला फरक दिसला नाही तर विषय बदल.’’ म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

‘‘काय गं, रडवेली का झालीस?’’ शेजारच्या टेबलावरून तिथल्या सगळ्यांत जुन्या संशोधकाने, दादाने, विचारलं. तो कर्करोगाच्या पेशी सांभाळायचा आणि न सांगता दुसऱ्यांच्याही.

‘‘दोन्हीकडे सारखंच, दादा. माझं प्रथिन काही कामाचं नाही.’’

‘‘असं कसं? काल तू रजेवर होतीस ना, म्हणून मीच दोन्हींना सीरम घातलं. उपाशी होत्या गं बिचाऱ्या!’’

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. सीरम म्हणजे पेशींचं पोटभर जेवण, आणि त्यात असले निरोप ढीगभर. म्हणून तर ती त्यांना मुद्दाम उपाशी ठेवायची! दादाच्या पेशींना मात्र सतत खायला लागायचं, त्यामुळे त्याचा हात सवयीने सीरमकडे गेला.

‘‘दादा, जिवावरच उठला होतास की रे माझ्या!’’ ती ओरडली आणि लगेच तिला हसू फुटलं. प्रथिन अजून हरलं नव्हतं.

तिने पुन्हा बशा मांडल्या. झाकणांवर ठसठशीत लिहिलं : जेवण नको, दया नको.

निकालाच्या दिवशी मॅडमनीच आधी डोळा लावला. ही बशी, ती बशी, पुन्हा ही.

‘‘विषय बदलू का?’’ धाकटीने चाचरत विचारलं.

‘‘कशाला? कोरीतला ओरखडा आहे तसाच आहे, प्रथिनवाला भरत आलाय. आता तेच प्रथिन अडवून बघ, पेशी थांबतात का ते.’’

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ती डोळे पुसत हसू लागली.

‘‘मी काही घातलं नाही हं!’’ दारातून दादा म्हणाला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून ठेवले होते.