नववी पास, दाखल्यासह

मे महिन्यात दुपारी तीनला आमच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. त्या वेळेला भागाबाई दारात येऊन उभी राहिली. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं आणि हातात चार घड्या घातलेला कागद.

"वहिनी, वाचा बरं. काय लिखेल शे?"

भागाबाई मागच्या गल्लीतली. घरची चार एकर कपाशी, दोन म्हशी, आणि मंगल ही एकुलती मुलगी. दोन वर्षांपूर्वी मंगलला आठवीत कुठे घालायचं हे विचारायला ती अशीच आली होती. गल्लीतल्या बऱ्याच बायका येतात. मी अमळनेरच्या कॉलेजातून बी. ए. झालेली आणि आमचे हे तालुक्याच्या मोठ्या शाळेत क्लार्क, त्यामुळे माझ्या शब्दाला दुप्पट वजन. मी तेव्हा क्षणभरही विचार न करता म्हटलं होतं, "मोठ्या शाळेत घाल. चौऱ्याण्णव टक्के निकाल आहे." फाटकावरच्या फळ्यावर तो आकडा तेलरंगाने लिहिलेला असतो, जळगावच्या एस. टी.तूनसुद्धा दिसेल एवढा मोठा.

कागद उघडला. 'माझी पाल्य कु. मंगल ही इयत्ता नववी उत्तीर्ण झाली असून घरगुती अडचणीमुळे तिला आपल्या शाळेत पुढे ठेवणे शक्य नाही. तरी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.' खाली भागाबाईचा जांभळा अंगठा.

"घरात काय अडचण आहे गं तुला?"

"माले? कसानी अडचन? काहीच नही." ती हसली. "पोर पास व्हयनी वहिनी! सरनी सांगं, दाखला काढी लेवा ते पास, नही ते नापास. मंग भाऊसाहेबनी अर्ज लिखी दिन्हा. भला मानूस शे. सोमवारले देवाना शे."

भाऊसाहेब म्हणजे आमचे हे. शाळेत सगळे त्यांना तेच म्हणतात. पण तिने सांगायच्या आधीच मी अक्षर ओळखलं होतं. लग्न ठरल्यावर त्यांनी मला चार पत्रं लिहिली होती, त्यांतला 'श' आणि या अर्जातला 'श' एकच.

"आते कोनती शाळा चांगली, ते सांगा," भागाबाई म्हणाली.

मी म्हटलं, "उद्या सांगते."

ती गेल्यावर मी फडताळापाशी गेले. तिथे दुसरा एक कागद होता, आमच्या छायाचा आठवीच्या प्रवेशाचा फॉर्म. यांनी शाळेतून आणला होता, नाव घालून, माझ्या वाचण्यासाठी ठेवलेला.

छायाबद्दल सांगायला हवं. तिला सगळं समजतं, पण हात चालत नाही. गणित तोंडी विचारा, ती सांगेल. कागदावर मांडायला सांगा, तर पहिली ओळ लिहीपर्यंत बाकीची मुलं तिसऱ्या उदाहरणावर गेलेली असतात. सातवीच्या वार्षिक परीक्षेत तिचे तीन पेपर अर्धे राहिले. मी तिला घड्याळ लावून लिहायला बसवते आणि तिच्या बोटांकडे बघत राहते. इतकी बघते, की ती शेवटी पेन ठेवते आणि म्हणते, "आई, तू स्वयंपाकघरात जा ना."

हे साडेपाचला आले. चहा देतानाच मी विचारलं, "मंगलचा अर्ज तुम्ही लिहिलात?"

"लिहिला असेल."

"असेल म्हणजे? असे किती लिहिलेत?"

आमचे हे खोटं बोलत नाहीत. टाळतात, पण सरळ विचारलं तर सांगतात. "यंदा एकेचाळीस," ते म्हणाले.

मी हातातला कप खाली ठेवला.

"नीट ऐकून घे," ते म्हणाले. "त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मी लिहितो. त्या पोरीला गणितात अठरा आहेत, इंग्रजीत अकरा. सर मंडळी तिला नापासच करणार होती. नापास झालेली मुलगी या गावात पुन्हा शाळेत येते का? तू सांग. पास होऊन दुसरीकडे गेली, तर निदान दहावीला बसेल. मी त्यांचं एक वर्ष वाचवतो."

"आणि शाळेचं काय वाचतं?"

"निकाल," ते म्हणाले. "निकाल राहिला तर मुलं येतात. मुलं आली तर तुकडी राहते. तुकडी राहिली तर…" शाळेत दोन क्लार्क आहेत आणि हे धाकटे; तुकडी तुटली तर आधी यांची नोकरी जाणार.

त्यांच्या बोलण्यात मला एकही खोटं सापडेना, आणि याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ते गेल्यावर मी शाळेचे वार्षिक अहवाल काढले. दरवर्षी एक प्रत घरी येते आणि ट्रंकेवर पडून राहते. सत्त्याऐंशीच्या अहवालात आठवीचा पट होता दोनशे छत्तीस. तीच मुलं नव्वदच्या मार्चला दहावीला बसली, तेव्हा ती एकशे एक्कावन्न होती. त्यांतली एकशे बेचाळीस पास झाली. चौऱ्याण्णव टक्के, अगदी बरोबर. फळ्यावर खोटं काहीच लिहिलेलं नाही. फक्त पंच्याऐंशी मुलं कुठे गेली, हे कुठल्याही अहवालात लिहिलेलं नव्हतं. काही आपणहून गेली असतील, कुणाच्या वडिलांची बदली झाली असेल, कुणाचं लग्न. पण पंच्याऐंशी?

मी पेन्सिलीने छायाचं नाव समासात लिहिलं आणि लगेच खोडून टाकलं.

शनिवारी सकाळी भागाबाईला घेऊन मी बोरखेड्याला गेले. तिथे जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळा आहे, एस. टी.ने पंचवीस मिनिटांवर. भागाबाईला वाटलं, मी मंगलसाठी आले. मी दोघींसाठी आले होते, हे मी तिला सांगितलं नाही.

शाळा म्हणजे पत्र्याच्या सहा खोल्या आणि एक कडुनिंब. मी सगळं बघून घेतलं. मुलींसाठी मुतारी होती, पण पाण्याची टाकी फुटलेली. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात चार परीक्षानळ्या आणि बेडकाची बाटली. खिडक्यांना गज होते, काचा नव्हत्या. वर्ग मात्र झाडून स्वच्छ केलेले होते, सुट्टी असूनही.

मुख्याध्यापक तोताराम सर एकटेच बसले होते, टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा. मी निकाल विचारला.

"अडतीस टक्के," ते म्हणाले, जणू कुणी वेळ विचारली होती. मग भागाबाईच्या हातातला कागद घेऊन बघत हसले. "मोठ्या शाळेतून का? बसा. गेल्या वर्षी दहावीत एकतीस मुलं होती. त्यांतली एकोणीस तिकडूनच आलेली. अक्का, तुमच्या गावच्या शाळेचा निम्मा निकाल आमच्याकडे लागतो."

"तुम्ही घेता कशाला मग?"

"मी नाही घेतलं तर ती कुठे जातील?"

मी छायाबद्दल बोलले. तिचा हात, अर्धे राहिलेले पेपर, सगळं. इथे आठवीत घ्याल का, म्हणून विचारलं. त्यांनी समोरचा दाखल्यांचा गठ्ठा बाजूला सरकवला.

"घेईन. पण तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला खोटं सांगत नाही. गणिताच्या सरांची दिवाळीत बदली झाली, बदली शिक्षक आलेला नाही. मीच शिकवतो, आणि मी मूळचा इतिहासाचा माणूस. मुलीला समजतं म्हणता. जिला समजतं तिला गणिताचा शिक्षक हवा. तो तुमच्या शाळेत आहे."

"पण तिथून तिला नववीत काढतील."

"काढता येत नाही." त्यांनी भागाबाईचा अर्ज माझ्यासमोर सरकवला. "म्हणून तर हा लागतो. पालकाने मागितल्याशिवाय दाखला देता येत नाही. नापास करता येतं, काढता येत नाही. अर्ज दिला नाही तर मुलगी पुन्हा नववीत बसेल, त्याच शाळेत. तिचा हक्क आहे."

एस. टी.च्या थांब्यावर झाडाची सावली तेवढी होती. मी भागाबाईला पुन्हा समजावून सांगितलं, की हा कागद दिलाच पाहिजे असं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग पोर नापास," ती म्हणाली.

"हो. पण शाळेत राहील."

"कोन राहू देई? वहिनी, तुमी नापास पोरले घरमा ठेवशात, पुन्हा धाडशात. मन्हा घरमा तिना काकानी जामनेरना पोऱ्या देखी ठेवेल शे. मंगल पास शे, म्हनीसन तो गप बशेल शे. नापास शब्द कानवर उना ते जेठ महिनामा लगीन." तिने कागदाची घडी घालून चोळीत ठेवली. "हाई शाळा बरी शे. त्या सर गोड बोलनात."

मला जे कळलं होतं ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. माझ्याच उपयोगाचं होतं.

संध्याकाळी छाया ओट्यावर शेंगा निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "बोरखेड्याची शाळा बघून आले. लहान आहे. सर चांगले आहेत. तुला तिथे घातलं तर चालेल का?"

तिने शेंग मोडली नाही. "माझ्या सगळ्या मैत्रिणी मोठ्या शाळेत जाणार."

"ते खरं आहे."

"मग मलाच का?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी ढ आहे म्हणून?"

तेरा वर्षांच्या मुलीने हे इतक्या सहज विचारलं, की तिने ते आधी बरेचदा स्वतःला विचारलेलं असणार. कुठे ऐकलं असेल? मी तिला कधी ढ म्हटलं नाही. पण घड्याळ लावून तिच्या बोटांकडे कोण बघत होतं? शाळेने अजून तिचा एक पेपरही तपासला नव्हता, आणि मी तिला पटावरून काढायला निघाले होते. शाळा निदान नववीपर्यंत थांबते.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या भीतीमुळे."

तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. ती पुन्हा शेंगा निवडायला लागली, सावकाश, एकेक.

रात्री जेवायच्या आधी मी यांच्यासमोर छायाचा फॉर्म ठेवला. पालकाच्या सहीच्या जागी मी माझी सही केलेली होती.

"इथे वडिलांची सही करतात," ते म्हणाले.

"नियम आहे?"

"नियम नाही. रीत आहे."

"मग राहू द्या. आणि एक आताच सांगते. दोन वर्षांनी ती नापास झाली तर होऊ दे. पुन्हा नववीत बसेल. पण दाखल्याच्या अर्जावर माझी सही मिळणार नाही, आणि तुम्हीही तो लिहायचा नाही."

"माझी नोकरी तिथे आहे. हेडमास्तर मलाच बोलावतील. सांगतील, तुमच्याच मुलीमुळे निकाल पडला."

"म्हणून दोन वर्षं आधी सांगते."

ते हो म्हणाले नाहीत. पण फॉर्म परत माझ्याकडे ढकललाही नाही. जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, आणि मीठ कमी नव्हतं.

सोमवारी मी, छाया, भागाबाई आणि मंगल चौघी शाळेत गेलो. प्रवेशाचे फॉर्म आणि दाखल्याचे अर्ज एकाच खिडकीत घेतात. आत हे बसलेले होते. आधी भागाबाईने अर्ज दिला. यांनी तो रजिस्टरात चढवला, शिक्का मारला.

"उपकार व्हयनात, भाऊसाहेब," भागाबाई म्हणाली.

त्यांनी मान हलवली, वर बघितलं नाही. मंगल फाटकाजवळच्या मुलींकडे बघत होती. त्या तिच्याच वर्गातल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीने हात हलवला. मंगलने हलवला नाही.

मग छायाचा फॉर्म. शाळेच्या पटावर तिच्यासाठी जागा कशी झाली असेल, याचा हिशोब मी करत बसले नाही. त्यांनी माझी सही बघितली, तिच्यावर बोट ठेवलं, आणि शिक्का मारला.

माझ्या मागे नशिराबादहून आलेली एक बाई उभी होती. काखेत पिशवी, हातात मुलाचा सातवीचा दाखला. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही इथल्याच दिसता. शाळा चांगली आहे ना? निकाल तर लई मोठा लिहिलाय."

खिडकीच्या आत पेन थांबलेलं मला दिसलं.

"शिकवतात चांगलं," मी म्हटलं. माझा आवाज फार लहान आला. "पण आठवीत किती मुलं बसतात आणि त्यांतली दहावीला किती उरतात, तेही विचारून घ्या."

"काय म्हणालात?"

यांनी मान वर केली. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.