टाकीत उतरवलेली सून

सुनेला टँकरच्या टाकीत मी उतरवलं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे उद्या कुणी ड्रायव्हरच्या डोक्यावर खापर फोडायला नको.

लातूर नवा जिल्हा झाला ते साल. आमचं गाव उस्मानाबादेतून निघून लातुरात गेलं, शिवेपलीकडचं मुखेड नांदेडातच राहिलं. पाऊस मात्र ह्या जिल्ह्यातही नव्हता अन् त्याही. महिन्यात दोनदा पाण्याचा टँकर आला, अन् दोन्ही वेळा पारापासून आमच्या बुद्धवाड्यात पोचेपर्यंत त्याच्यात ओल तेवढी राहिली.

तिसऱ्यांदा आला तो रिकामाच. ड्रायव्हर नागप्पा, उदगीरकडचा. पारावर गाडी लावून म्हणाला, "ह्या टाकीत आधी फवारणीचं औषध होतं. आतून घासल्याबिगर मी पाणी भरणार न्हाई. तोंड अरुंद हाय, बारीक माणूस पाहिजे."

कुणी हलेना. गावचे आप्पासाहेब माझ्याकडं बघून हसले. "कोंडाबाई, हे काम तुमच्याकडचंच की."

"होतं. छप्पन्न साली बुद्ध झालो तवा सोडलं. तुमची मेलेली ढोरं आता तुम्हीच ओढता न्हवं? मग टाकी काय लई जड हाय?"

लोक हसले. मी तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण वस्तीतल्या पोरी पाण्याला तीन कोस चालत होत्या. मी नागप्पाला म्हणाले, "टाकी आम्ही घासून देतो. पण पहिली खेप आमच्या वस्तीत. पाराशी थांबायचं न्हाई."

"कबूल," तो म्हणाला.

माझा लेक शेषेराव लाल झाला. "माय, असली कामं करायची न्हाईत म्हणून तूच सगळ्यांना सांगत आलीस."

"हे पाण्याचं काम हाय," मी म्हणाले. त्याची बायको नागुबाई दुष्काळानं वाळून काडी झालेली. तिला कुणी विचारलंच न्हाई. मीही न्हाई.

नागप्पानं दोर काढला. "अव्वा, हिच्या कमरेला बांधा. आत काय झालं तर ओढता येतंय."

माझं डोकं सणकलं. "दोर आम्ही मेल्या ढोराला बांधत होतो. माझी सून माणूस हाय." दोर घेतला अन् धुळीत फेकला. माझ्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती, नागप्पाही मागं सरला.

राख अन् ओलं पोतं घेऊन नागुबाई आत उतरली. घासल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आत्याबाई, डोळे चुरचुरायलेत."

"पदर बांध तोंडाला. आटप लवकर."

थोड्या वेळानं आवाज थांबला. "दमली का राणी?" मी टोमणा मारला. उत्तर न्हाई. पुन्हा हाक मारली. शेषेराव टाकीवर चढला, आत वाकला अन् ओरडला, "पडलीय!" लगेच पाय आत घातला.

"धरा त्याला!" नागप्पा किंचाळला. "एकामागं एक उतरतात अन् दोन मढी निघतात! आत वारा न्हाई!"

मी टँकरच्या शिडीवर होते. शेषेरावाचं धोतर दोन्ही हातांनी धरलं. तो टाचेनं माझ्या बोटांवर मारत होता. "सोड, माय! तूच घातलंस तिला मराया!" खरं बोलत होता. मी सोडलं न्हाई.

"वारा पाहिजे आत," नागप्पा म्हणाला.

ईश्वरप्पा लोहार तसाच पळाला अन् भट्टीचा भाता डोक्यावर घेऊन आला. मागचा नळ उघडून भात्याची नळी त्यात घातली, भोवती चिंध्या कोंबल्या अन् तो भाता मारू लागला. नागप्पानं धुळीतला दोर उचलून शेषेरावाच्या कमरेला बांधला, गाडीतला दुसरा त्याच्या हातात दिला. "श्वास रोखायचा. तिच्या बगलेखालून गाठ मारायची. मी पन्नास मोजीन. मग गाठ बसो न बसो, तुला ओढणार."

टाकीच्या तोंडाला खांदे अडले. कातडं सोलून घेत तो आत गेला.

नागप्पा मोजत होता. एवढे हळू आकडे मी जन्मात ऐकले न्हाईत. एकेचाळीसला दोर हलला. आधी तो निघाला, मग ती. तोंडाला फेस, डोळे फिरलेले.

"कपडे काढा," नागप्पा म्हणाला. "सगळे. अंगावरचं औषध कातड्यातून आत मुरतंय. साबण लावा, पाणी ओता. बघता काय?"

पारावर सगळं गाव जमलेलं. वस्तीच्या बाया पाठी करून भोवती उभ्या राहिल्या, अन् मी तिचं लुगडं ओढून काढलं. घराघरातून प्यायला ठेवलेले हंडे आले. एकीनंही मागंपुढं बघितलं न्हाई. सगळं पाणी तिच्यावर अन् शेषेरावावर गेलं.

दवाखान्यात न्यायला सरकारी जीप मिळाली असती, पण ती नव्या जिल्ह्याच्या कामाला लातूरला गेलेली. बैलगाडी जुंपेपर्यंत आप्पासाहेबांचा आवाज कानावर आला, "घासली न्हवं आता? मग भरा की." मी धोंडा उचलून मागचा नळ ठेचला. नागप्पा आडवा आला न्हाई.

सडकेपर्यंत बैलगाडी, पुढं मुखेडची एस.टी. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं अन् घशात घरघर. दवाखान्यात डॉक्टरनं सुया टोचल्या, काय औषध होतं, किती वेळ आत होती, सगळं विचारलं. मग म्हणाला, "आत उतरताना दोर नव्हता बांधला?"

शेषेराव माझ्याकडं बघत होता.

"दोर होता. म्या बांधू दिला न्हाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले. ओठ फुटलेले. मी ओल्या बोळ्यानं पुसले.

"आत्याबाई, पाणी आलं का वस्तीला?"

"न्हाई. त्या टाकीत पाणी भरू दिलं न्हाई म्या."



"मग मी कशाला उतरले?"

 मी चादर तिच्या अंगावर सारखी केली. तिनं ती पायानं लोटून दिली. पायात जोर होता. खाली पडलेली चादर मी उचलली, घडी केली अन् खाटेच्या कडेला ठेवली.